आजोबांचे जाड पेन

(इयत्ता सातवी)

आमच्या पडवीत लेथ आहे, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. निम्म्या वर्गाचे भोवरे तिथेच झालेले आहेत, आणि आर मोडली की तुम्ही रविवारी सकाळीच भोवरा घेऊन येता. पण आज शाळेत पालकही आले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

माझे बाबा कातकाम करतात. लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे कळस अशी कामे असतात. त्यांच्या आधी आजोबा हेच काम करत, पण ते खेळणी करत. भोवरे, खुळखुळे, भातुकलीची चूल-बोळकी. डोक्यावर टोपली घेऊन ते सावंतवाडीला चितारआळीतल्या दुकानात माल देऊन येत. तेव्हा लेथला मोटार नव्हती. आजी समोर बसून दोरी ओढायची आणि आजोबा हत्यार धरायचे. प्लास्टिकची खेळणी आली आणि टोपली हलकी होत गेली. मग बाबांनी मोटार बसवली आणि लाटण्यांवर आले.

दोन वर्षांपासून आजोबांचा उजवा हात कापतो. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. लेथवर बसणे त्यांनी आपणहून सोडले. आता ते भुसा गोळा करतात, न्हाणीची चूल पेटवतात आणि बाबांच्या लाटण्यांना नावे ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात आजोबा पैसे काढायला बँकेत गेले होते. मी बरोबर होतो. स्लिपवर त्यांनी सही केली. तिथले साहेब सही बघून म्हणाले, "आजोबा, ही जुळत नाही. परत करा." आजोबांनी परत केली. ती पहिल्यापेक्षा वाईट आली. काउंटरला दोरीने बांधलेले ते पेन काडीसारखे बारीक होते आणि बोटांतून निसटत होते. मागे रांग होती. साहेब म्हणाले, "राहू द्या, अंगठा द्या ना. किती वेळ लावणार?" आणि त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

आजोबांनी पॅडकडे बघितले आणि स्लिप घडी करून खिशात घातली. "चार बुकां शिकलंय मी. आंगठो देवचंय नाय," असे म्हणून ते बाहेर पडले. आम्ही पैसे न काढताच एसटीने घरी आलो. वाटेत ते काही बोलले नाहीत.

आजोबा आपल्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी लिहिलेले आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्यांचे वडील अंगठा उठवत असत. घरात पहिली सही आजोबांची.

दिवाळीत माझा मामा पुण्याहून आला. तो कारखान्यात टूलरूममध्ये आहे. त्याने माझ्यासाठी एक खोके आणले होते. मला वाटले फटाके असतील. उघडले तर आत पाच पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत पेनाचे सुटे भाग! मामा म्हणाला की अमेरिकेत आणि इंग्लंडात पुष्कळ लोक हौस म्हणून लेथवर पेन कातून तयार करतात. त्यांना धातूचे भाग असे पिशवीत तयार मिळतात, आणि त्याला किट म्हणतात. लाकूड मात्र आपले.

एका पिशवीत हे असते : दोन पितळी नळ्या, पुढचे टोक, रिफिल आत-बाहेर करणारी फिरकी, मधली कडी, क्लिप, वरचे टोपण आणि एक रिफिल. नळीची जाडी ७ मिलिमीटर आणि लांबी दोन इंचांहून थोडी जास्त. शिवाय मामाने एक लांब सळई दिली. तिच्यावर दोन्ही नळ्या ओवून लेथवर चढवायच्या. नळ्यांच्या टोकांना बसणारे बुश दिले आणि लाकडाचे तोंड सपाट करणारा एक कटर दिला. माहितीचा कागद इंग्रजीत होता. तो बाईंनी मधल्या सुट्टीत मला वाचून दाखवला. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

बाईंनी त्या वेळी दोन गोष्टी सांगितल्या. आपण वापरतो ते बॉलपेन १९३८ साली बिरो नावाच्या हंगेरीच्या माणसाने पेटंट केले. तो वर्तमानपत्रात काम करायचा. दुसरी गोष्ट म्हणजे आंध्रात राजमहेंद्री येथे स्वदेशीच्या चळवळीत रत्नम नावाचे शाईचे पेन सुरू झाले. ते एबोनाइटच्या कांडीतून हाताने लेथवर कातलेले असते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. म्हणजे पेन कातणे आपल्या देशात नवीन नाही. मी हे घरी सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "नवीन काय आसा? भोवरो कातलो, तसांच ह्यां."

पण भोवऱ्यासारखे ते नव्हते.

पहिले पेन मी कागदाप्रमाणे तंतोतंत केले. फणसाच्या लाकडाची पाऊण इंच जाडीची चौकोनी कांडी घेतली. नळीपेक्षा जरा लांब असे दोन तुकडे केले. कापायच्या आधी मधोमध पेन्सिलने खूण केली, म्हणजे पेन जोडल्यावर लाकडाच्या रेषा वरून खाली सरळ जुळतात. भोक बाबांनी पाडले. ते ड्रिल थोडे आत घालत, बाहेर काढत, भुसा झटकत, परत आत घालत. एका दमात घातले तर ड्रिल तापते, वाट सोडते आणि कांडी पलीकडच्या बाजूने फुटते. नळी काचपेपरवर घासून खरबरीत केली, दोन ट्यूबांतला गोंद कालवून लावला आणि फिरवत फिरवत आत बसवली. गोंद रात्रभर सुकवला. सकाळी कटरने तोंडे सपाट केली, पितळ चमकेपर्यंत.

मग लेथ. मी चष्मा लावतो, मोटार बाबा चालू करतात आणि ते शेजारी उभे असतात. हा आमच्या घरचा नियम आहे. गोल पटाशीने चौकोनाचा गोल केला. फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा येतो. कोपरे जाईपर्यंत टकटक आवाज येतो, मग तो थांबतो आणि नुसते स्स्स होते. आजोबा आत चुलीपाशी बसून ओरडायचे, "आवाज आयक, आवाज! हत्यार बोथट झालां. आधी धार लाव." त्यांना दिसत नसे, तरी बरोबर कळत असे.

लाकूड बुशाइतके झाले की थांबायचे. बुश आहे म्हणून चुकायला होत नाही. घासून, पॉलिश करून सगळे भाग दाबून बसवले आणि पेन झाले! मी ते धावत आजोबांना नेऊन दिले. त्यांनी ते उलटेसुलटे फिरवले, नखाने सांधा तपासला आणि "बरां आसा" म्हणाले. एवढे त्यांनी बाबांच्या लाटण्याला कधी म्हटलेले नाही.

मी वही पुढे केली. त्यांनी लिहायला घेतले आणि पेन बोटांतून फिरले. पुन्हा धरले, पुन्हा फिरले. टोकाकडे ते जेमतेम आठ मिलिमीटर जाड होते. बँकेतल्या पेनासारखेच. आजोबांनी ते हळूच वहीवर ठेवले. "बारीक आसा रे. माज्या हातात ऱ्हवणा नाय," म्हणाले आणि भुशाची गोणी उचलून न्हाणीकडे गेले.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा बाबांच्या पटाशीला धार लावत होते. मी बघत होतो. पटाशीची मूठ त्यांच्या हातात होती आणि हात जवळजवळ कापत नव्हता! मूठ हातभर होती, म्हणून. मी कॅलिपरने ती मोजली. सव्वीस मिलिमीटर. एवढे जाड पेन होणार नाही, पण पंधरा-सोळा करायला कांडीत लाकूड होते. किटचा कागद म्हणतो बुशाइतके बारीक करा. न केले तर? मी बाबांना विचारले. ते म्हणाले, "टोक बसात तितक्याच बारीक कर. बाकी लाकूड तुजा आसा."

म्हणजे पुढच्या टोकाशी आठ मिलिमीटर आणि लगेच चढ घेऊन सोळा. मधे बोटे टेकायला किंचित खळगी. दोन भाग जिथे जुळतात तिथे किटमधली कडी बारीक पडणार, म्हणून कडी काढून टाकायची. आजोबा घरी बंडी घालतात, तिला वर खिसा नाही, म्हणून क्लिपही नको. मी वहीत चित्र काढले. फार छान दिसत होते.

त्या चित्राबरहुकूम दुसरे पेन केले. इथे बुश उपयोगी नव्हता, कारण लाकूड बुशापेक्षा कितीतरी वर होते. दर दोन मिनिटांनी मोटार बंद करून कॅलिपर लावायचा. मोटार चालू असताना कॅलिपर लावायचा नसतो. आकार चांगला आला. पण जोडल्यावर रिफिलचे टोक बाहेर आले ते आत जाईना. फिरकी उलटी फिरवली, सुलटी फिरवली. नाहीच.

कारण मला दोन दिवसांनी कळले. तोंडे सपाट करताना मी कटर जोरात दाबला होता आणि लाकडाबरोबर पितळी नळीही खाल्ली होती. नळी दोनेक मिलिमीटर आखूड झाली. फिरकीवर एक बारीक रेघ असते, तिथपर्यंत ती दाबायची. मी रेघेपर्यंतच दाबली होती. पण नळीच आखूड, म्हणून रिफिल तेवढी पुढे आली. आणि दाबलेली फिरकी सहज बाहेर निघत नाही. आता मी रेघेवर विश्वास ठेवत नाही. थोडी दाबतो, रिफिल घालून बघतो, परत थोडी दाबतो.

आणखी एक. क्लिप नसल्यामुळे हे पेन टेबलावर राहतच नाही, घरंगळते. क्लिप फक्त खिशासाठी नसते हे मला माहीत नव्हते.

तिसऱ्या वेळी मी घाई केली. वाळलेले लाकूड माळ्यावर होते आणि माळ्यावर चढायचा मला कंटाळा. परसात आंब्याची फांदी पडली होती, तीच कापून घेतली. ओले लाकूड कातायला लोण्यासारखे मऊ लागते. तासाभरात सुंदर आकार झाला. रात्री लवकर सुकावे म्हणून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवले. सकाळी बघतो तर वरपासून खालपर्यंत उभी चीर. लाकूड वाळताना आकसते आणि आतली पितळी नळी काही आकसत नाही. मग लाकूड फुटणारच.

मला रडू आले. मामाने पाच किट दिले होते, त्यातले तिसरे वाया गेले असे वाटले. मी तो तुकडा भुशाच्या गोणीत खाली खुपसला आणि शाळेत आलो. त्या दिवशी बाईंनी विचारले, "पेनाचं कुठवर आलं?" मी म्हणालो, "चाललंय." बाई, ते खोटे होते.

संध्याकाळी आजोबा न्हाणीची चूल पेटवत होते. गोणीत हात घालताच तो तुकडा त्यांच्या हाताला लागला. "ह्यां काय?" मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे नुसते बघितले. मग तो तुकडा निखाऱ्याच्या कडेला ठेवला. लाकूड काळे पडले, गोंद मऊ झाला. कापणाऱ्या हाताने त्यांनी सांडशीने नळी ओढून काढली. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली, तिसऱ्यांदा आली. पाण्यात बुडवली, काचपेपरने घासली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चकचकीत, जशीच्या तशी. बाकीचे भाग तर पिशवीतच होते.

"माळ्यार फणसाची फळी आसा," ते म्हणाले. "तुज्या जन्माच्या आधीची. ती काढ."

मी माळ्यावर चढलो.

त्या फणसाचा रंग पिवळा नव्हता. वर्षानुवर्षे राहून तो मधासारखा तांबूस झाला होता. बाबांनी करवतीने कांडी काढून दिली. या वेळी मी तोंडे सपाट करताना कटर नुसता टेकवला, आणि पितळ दिसले की हात काढला. कातताना दर थोड्या वेळाने आजोबांना बोलावून त्यांच्या हातात धरून बघायला दिले. ते बोटाने दाखवत : इथे अजून काढ, इथे ऱ्हवांदे. खळगी मी जिथे काढली होती तिथे त्यांची बोटे टेकतच नव्हती, ती बरीच मागे टेकत होती. कागदावरच्या चित्राचा काही उपयोग झाला नाही. शेवटी जो आकार आला तो पोटात फुगीर, जरा लाटण्यासारखाच आहे. बाबा हसले.

मधल्या कडीच्या जागी मी काळ्या शिसवीची कडी बसवली. वरच्या भागाच्या टोकाचे लाकूड तीन मिलिमीटर रुंदीपर्यंत नळीपर्यंत काढून टाकायचे आणि तिथे शिसवीचे वेढे ओवून चिकटवायचे. पहिले वेढे फुटले, दुसरे बसले. याची आजोबांना गरज नव्हती. हे माझ्या हौसेसाठी. पिवळ्या-तांबड्यावर काळी रेघ चांगली दिसते.

आता पॉलिश राहिले. मामाच्या खोक्यात त्यासाठी एक छोटी बाटली होती. तिच्यावरचा शब्द बाईंनी शब्दकोशात बघितला होता. शेलॅक, म्हणजे लाख! पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर एक किडा बसतो, तो ती तयार करतो. आपल्या देशात झारखंडात ती पुष्कळ होते. परदेशातले लोक तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पेनाला चोळतात. आजोबांना सांगितले तर ते हसायलाच लागले. आत जाऊन त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. त्यात लाल, पिवळ्या आणि बिनरंगी लाखेच्या कांड्या होत्या, खेळण्यांच्या वेळच्या. "बाटली ठेव थंय," ते म्हणाले.

आणि ते लेथपुढे बसले. दोन वर्षांनी. आजी दारात येऊन उभी राहिली. बाबांनी मोटार चालू केली. आजोबांनी बिनरंगी लाखेची कांडी फिरत्या पेनावर टेकवली. घासून घासून लाकूड तापते, लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. कापणाऱ्या हाताने काही बिघडत नव्हते, कारण फिरायचे काम लाकूड करत होते. मग केवड्याच्या पातीचा तुकडा घेऊन त्यांनी तो दाबून धरला, आणि पेन आरशासारखे चमकायला लागले. मोटार बंद झाल्यावरही ते थोडा वेळ तिथेच बसून होते.

फिरकी मी दाबली. थोडी, परत थोडी, आणखी थोडी. टोक बाहेर आले आणि आतही गेले. क्लिप या वेळी ठेवली.

आठ दिवस आजोबा रोज संध्याकाळी माझ्या जुन्या वहीत सही काढत होते. पहिली दोन पाने बघवत नाहीत. मग हळूहळू अक्षर बसू लागले. अजून ते वाकडे येते, पण त्यांचे नाव वाचता येते.

मग आम्ही बँकेत गेलो. तेच साहेब होते. आजोबांनी बंडीवर घातलेल्या सदऱ्यातून पेन काढले आणि स्लिपवर सावकाश सही केली. साहेबांनी ती जुन्या सहीशी लावून बघितली आणि मान हलवली. जुळत नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. पण ते म्हणाले, "आजोबा, जुनी सही बदलून घेऊ. या फॉर्मवर तीन सह्या करा." आजोबांनी तीन केल्या. तिसरी जरा खाली उतरली. साहेबांनी शिक्का मारला. मग ते पेन हातात घेऊन फिरवून बघू लागले, त्याने मागच्या कागदावर दोन ओळी लिहून बघितल्या आणि सवयीने आपल्या खिशाला लावले. आजोबांनी काउंटरवरून हात पुढे केला आणि पेन मिळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

आता बाबांच्या दुकानाचा हिशोब आजोबाच लिहितात. पेन जड आहे आणि रिफिल लवकर संपते, अशी त्यांची तक्रार आहे. दोन किट अजून शिल्लक आहेत. मामा म्हणतो, दर वेळी किटमधली एक वस्तू कमी करायची आणि ती स्वतः करायची. कडी झाली, आता वरचे टोपण लाकडाचे कर. पुढे टॅप-डायने आटे पाडायला शिकलास की नुसती रिफिल विकत आणायची. टॅप-डाय बाबांकडे नाही. मामा बघतो म्हणाला आहे.

भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर तिन्ही पेने आणि चिरलेल्या आंब्याचा दुसरा, न जाळलेला तुकडा ठेवला आहे. जाड पेन आजोबांनी आजच्यापुरते दिले आहे, चार वाजेपर्यंत. सर्वांनी हातात घेऊन बघावे. फक्त मधले पेन खिशाला लावू नये. त्याचे टोक आत जात नाही आणि शर्टाला शाई लागते. टेबल जरा उतरते आहे, त्यामुळे ते ठेवताना आडवे ठेवावे.